घड्याळवाल्याचा श्वास

घड्याळवाला कमी बोलायचा असं म्हटलं तर ते त्याला वाढवून सांगितल्यासारखं होईल. तो बोलायचाच नाही. गिऱ्हाईक घड्याळ पुढे करी, हा ते कानाशी नेई, झाकण उघडी, डोळ्याला भिंग लावी आणि डाव्या हाताचं एक बोट वर करी. त्या बोटाचा अर्थ 'थांबा'. काम झालं की घड्याळ परत आणि वर मान हलवणं. एवढ्या भांडवलावर त्याने दुकान चालवलं, मुलीला शिकवलं, तिचं लग्न लावलं आणि दुकानाच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर केलं.

बोलण्याचं खातं घरात बाईंकडे होतं. बाई म्हणजे त्याची बायको. प्राथमिक शाळेत जन्मभर शिकवून निवृत्त झालेल्या. वर्ग सुटला, पण आवाज सुटला नाही. गल्लीतले लहानथोर त्यांना बाईच म्हणत. त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की समोरच्या इमारतीतले लोक रेडिओ बंद करत, कारण दोन्ही एकदम ऐकणं जमत नसे. बाई नवऱ्याला काही विचारायला दुकानात आल्या तरी ते बोट वर जाई. मग त्याच प्रश्न विचारत आणि त्याच उत्तर देऊन वर जात. संसार असाही होतो, आणि चांगला होतो.

मग घड्याळवाल्याचं हृदय थकलं. आधी पायांवर सूज आली, मग रात्री एका उशीच्या दोन उशा झाल्या, आणि एका सकाळी जिन्याच्या वळणावर तो बसला तो बसलाच. इस्पितळात डॉक्टरांनी समजावलं की हृदय बंद पडलेलं नाही, पण रक्त पुढे ढकलायची त्याची ताकद कमी झाली आहे. हे दुखणं जाणारं नाही, सांभाळायचं आहे. गोळ्या मिळाल्या, मीठ तुटलं, रोज सकाळी वजन बघायचं ठरलं. आणि तूर्त जिने बंद.

इमारतीला लिफ्ट नव्हती. बाईंचा खुबा मागे एकदा मोडून जोडलेला. त्यांना खाली उतरून पुन्हा वर चढायचं म्हणजे अख्खी दुपार खर्ची पडे. तेव्हा घड्याळवाला दुकानामागच्या खोलीत राहू लागला आणि बाई वर. जेवणाचा डबा बाल्कनीतून दोरीने खाली येई. बाईंचं बोलणंही येई, पण त्याला दोरी लागत नसे.

मुलगी फोनवरून एकच टुमणं लावून होती. "बाबा, वरचं घर विकून टाका आणि दोघंही माझ्याकडे या. मी सुट्टीत येते तेव्हा सोक्षमोक्ष लावू." तिचं चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. ज्या घरात शिरताच येत नाही ते ठेवायचं कशाला? पण तिच्याकडे जायचं म्हणजे दुकान गेलं, आणि ज्या खिडकीत बसून बाईंनी साऱ्या गल्लीचा कारभार पाहिला ती खिडकीही गेली. घड्याळवाल्याचं काळीज या विचाराने तुटे. सांगणार कुणाला? सांगायला बोलावं लागतं.

डॉक्टरांनी त्याला इस्पितळातल्या व्यायामाच्या वर्गात पाठवलं. हे त्याच्या बुद्धीला पटेना. झिजलेलं यंत्र जपून वापरायचं, हे कोणीही सांगेल. थकलेल्या हृदयाला सायकल कसली मारायला लावता? न कर्त्याचा वार शनिवार. आज पाऊस, उद्या गिऱ्हाईक, परवा चप्पल तुटलेली. शेवटी बाई बाल्कनीतून कडाडल्या, "अहो, दुकानात पाटी काय लावलीत तुम्ही? घड्याळ कपाटात ठेवू नका, तेल घट्ट होतं. मग स्वतः का कपाटात बसलाय?" गल्ली हसली. दुसऱ्या दिवशी घड्याळवाला मुकाट्याने वर्गाला गेला.

तो एक लांबट हॉल होता. जाग्यावर फिरणाऱ्या सायकली, भिंतीला टेकवलेल्या खुर्च्या, आणि मधोमध एक लाकडी जिना: चार पायऱ्या वर, चार खाली, पोचायचं कुठेच नाही. वर्ग घेणारी फिजिओ त्याच्या मुलीपेक्षाही लहान होती, पण तिच्या नजरेतून काही सुटत नसे. सोबत्यांपैकी एक निवृत्त बस ड्रायव्हर होता. त्याचंही हृदय असंच दमलेलं. सायकलीवर बसला की म्हणायचा, "आयुष्यभर गाडी हाकली, पण अशी कधी पाहिली नाही. टायर नाही, पॅसेंजर नाही, आणि आपण अजून डेपोतच!"

"काका, दम किती लागला? दहापैकी सांगा," फिजिओ विचारी.

"ठीक," घड्याळवाला म्हणे.

"ठीक हा आकडा नाही हो."

"ठीक," तो पुन्हा म्हणे.

तरी हळूहळू फरक पडला. हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो न थांबता जाऊ लागला. पायांत बळ आलं, चेहऱ्यावर तुकतुकी आली. त्याची यंत्राची थिअरी मोडीत निघाली आणि त्याने ती तक्रार न करता निघू दिली. फक्त लाकडी जिन्यापाशी घोडं अडे. सायकलीवर छान असलेला हा माणूस दोनदा त्या चार पायऱ्या चढला-उतरला की पांढराफटक पडे. फिजिओ नाडी बघे, ब्लडप्रेशर बघे, डॉक्टरांशी बोलून घेई. कशाचा पत्ता लागेना. एके दिवशी त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ड्रायव्हरने दंड धरला म्हणून तो पडला नाही.

पुढच्या खेपेला फिजिओने यंत्रं बाजूला ठेवली आणि नुसती त्याच्या छातीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काका, तुम्ही श्वास घेतच नाही आहात."

"घेतो की," तो म्हणाला. एवढं बोलणंही त्याच्या मानाने भाषणच झालं.

"सायकलीवर घेता. जिन्यावर पहिलं पाऊल उचललंत की कोंडता, ते थेट खाली उतरेपर्यंत. जोर करताना श्वास कोंडला की हृदयावर भार पडतो. अशाने भोवळ येणारच."

त्याला ते पटलं नाही. पण संध्याकाळी दुकानात एक नाजूक घड्याळ उघडलं, केसासारखी स्प्रिंग चिमट्यात धरली, आणि त्याचं त्यालाच कळलं. छाती थांबलेली होती. उस्तादाने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं: काम हातात असेपर्यंत श्वास आत, एक फुंकर गेली की स्प्रिंग गेली. जन्मभर त्याने तेच केलं. बोट वर करायचं तेही त्यासाठीच. शब्द काढायचा तर श्वास सोडावा लागे. आता पडायच्या भीतीने तो प्रत्येक पाऊल स्प्रिंग बसवावी तसं ठेवत होता, आणि शरीर जन्माची शिकवण पाळत होतं. त्याने चिमटा खाली ठेवला. बराच वेळ तो नुसता श्वास घेत बसला.

फिजिओने उपाय सांगितला तो त्याला शिक्षेसारखा वाटला. "चढताना बोलायचं. बोलणाऱ्याला श्वास कोंडता येत नाही. बोलता येईनासं झालं तर थांबायचं."

"काय बोलू?"

"वाटेल ते. पाढे म्हणा."

त्याने घड्याळाचे भाग म्हणायला घेतले. मेनस्प्रिंग, चाकं, अँकर, बॅलन्स. बॅलन्सला चढण संपे. काटे, तबकडी, काच करत तो उतरे. ड्रायव्हर मागून ओरडे, "पुढचा स्टॉप पट्टा!" पण अंधारी आली नाही. त्या दिवशी नाही आणि पुढेही नाही.

अखेर डॉक्टर म्हणाले, घरचा जिना चढून बघायला हरकत नाही. सावकाश, दर वळणावर बसून. मुलगी दुसऱ्या दिवशी येणार होती. फिजिओने बाईंना फोन केला. "बाई, ते वर येत असताना तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. तुम्ही बोललात की ते ऐकायला गप्प होतात, आणि गप्प झाले की श्वास धरतात."

"मी? मी कुठे बोलते?" बाई म्हणाल्या, आणि त्यावर बराच वेळ बोलल्या.

वळणावळणावर शेजाऱ्यांनी खुर्च्या ठेवल्या. मदतीला आलेला ड्रायव्हर पहिल्या मजल्यापर्यंत मागोमाग आला आणि आपली हद्द इथेच संपते म्हणून तिथल्या खुर्चीत बसला. तिथून वर एक शेजारी मागोमाग चालला. घड्याळवाला सगळे भाग म्हणत चालला होता, पण घड्याळाचे भाग तिसऱ्या मजल्यापर्यंत पुरत नाहीत. शेवटच्या वळणावरून उठला तेव्हा काचही संपली होती आणि पट्टाही. वर दारात बाई उभ्या होत्या, दोन्ही हातांनी चौकट धरून, ओठ गच्च मिटून. त्यांना असं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

काहीतरी बोलायलाच हवं होतं. मग तो बोलला.

"डबा छान असायचा... मीठ नसलं तरी... सांगायचं राहिलं." एक पायरी. "रात्री वरून तुझा आवाज यायचा... तो थांबला की... झोपलीस हे कळायचं." पुन्हा एक. "मग मी झोपायचो." तो कठड्याला धरून उभा राहिला, पोटभर श्वास घेतला. "तुला... माझ्याशिवाय... करमायचं का गं?"

बाईंचे डोळे घळाघळा वाहत होते. उत्तर अगदी तोंडाशी आलं होतं. त्यांनी डाव्या हाताचं एक बोट वर केलं.

घड्याळवाला हसला. हसत हसतच उरलेल्या पायऱ्या चढला, उंबरा ओलांडून आत आला आणि आपल्या खुर्चीत बसला. त्याची छाती नीट वरखाली होतेय हे बाईंनी नीट पाहून घेतलं, आणि मगच बोट खाली घेतलं.

"नाही," बाई म्हणाल्या. त्या दिवशी त्या एवढंच बोलल्या.