सोळाशे दहाचा रहिवासी

काही माणसं पुण्यात राहून मनाने अमेरिकेत असतात, काही अमेरिकेत येऊन मनाने पुण्यातच राहतात. पण मिनियापोलिसजवळच्या ईडन प्रेरीत माझ्या किराणा दुकानामागच्या अपार्टमेंटमध्ये जो गृहस्थ राहत होता, तो सन सोळाशे दहामध्ये राहत होता, आणि असा दुसरा माणूस सबंध पृथ्वीच्या पाठीवर नसेल हे मी लिहून द्यायला तयार आहे. शरीराने तो आमच्यातच असे. सकाळी टोपी-मोजे चढवून गाडीवरचा बर्फ खरवडायचा, एका विमा कंपनीत जाऊन सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचा, शनिवारी माझ्याकडून तूरडाळ आणि गोडा मसाला न्यायचा. पण डाळ मोजून घेतानाही त्याचं चित्त मॉस्कोत शिरलेल्या पोलिश फौजेजवळ किंवा दौलताबादेत राजधानी हलवणाऱ्या निजामशाहीच्या हबशी वजिराजवळ असायचं. लोक त्याला हसायचे. मीही हसायचो. पण माझं त्याच्याशी एक भांडण आहे आणि ते मिटलेलं नाही. मी या माणसाला या देशात ठेवून घ्यायला निघालो होतो आणि त्याने ते मला करू दिलं नाही.

हेच वर्ष का, असं त्याला विचारणारा मी पहिला नव्हतो. त्याचं म्हणणं असं की आपल्याला चारशे वर्षांबद्दल थोडं थोडं माहीत असतं, म्हणजे खरं तर काहीच माहीत नसतं. त्यापेक्षा प्रत्येक माणसाने एक वर्ष दत्तक घ्यावं आणि त्याचं सगळं बघावं. "मग सत्तेचाळीस घ्यायचंस," मी म्हणालो. "ते लोकांनी आधीच घेतलंय, शेठ. सोळाशे दहाकडे कुणी बघत नव्हतं." हे तो एखाद्या पोरक्या मुलाबद्दल बोलावं तशा आवाजात बोलला. महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्षांनी त्याला अगदी हात जोडून सांगितलं होतं, "अहो, फक्त वीस वर्षं पुढे सरका. शिवजन्मापर्यंत या. तुमचं व्याख्यान ठेवतो, ढोल-लेझीमही ठेवतो." हा सरकला नाही. सोळाशे अकराच्या जानेवारीत काय झालं असं कुणी विचारलं तर तो चक्क "मला माहीत नाही" म्हणायचा, आणि त्याच्या चेहऱ्यावर दुसऱ्याच्या घरात डोकावायला सांगितल्यासारखा संकोच दिसायचा.

या वर्षाचा आम्हाला त्रास किती व्हायचा! मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे घरोघरचे डबे आणून केलेल्या जेवणाला, सगळे श्रीखंड-पुरीवर बसलेले असताना हा शांतपणे सांगायला लागला की व्हर्जिनियातल्या पहिल्या इंग्रज वसाहतीत त्या हिवाळ्यात अन्न संपलं. लोकांनी आधी घोडे खाल्ले, मग कुत्री, मग उंदीर, मग बुटांचं चामडं उकळून खाल्लं. एका काकूंनी हातातली पुरी परत ताटात ठेवली. "पुढे ऐका ना," हा म्हणाला, "जूनमध्ये उरलेसुरले लोक सामान बांधून जहाजात बसले. निघालेसुद्धा. आणि नदीच्या तोंडाशी त्यांना समोरून धान्याची जहाजं येताना दिसली!" मग सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, पण श्रीखंड उरलं ते उरलंच. जानेवारीत एकदा संध्याकाळी त्याने अर्ध्या अपार्टमेंटला पार्किंग लॉटमध्ये उभं केलं, कारण त्या वर्षी जानेवारीतच इटलीतल्या एका मास्तराने नळीतून गुरूचे चंद्र पाहिले होते. थर्मामीटर शून्याच्याही खाली गेलेलं. एक दुर्बीण आणि आम्ही दहा-बारा जण. नागपूरच्या एका पोराच्या मिशीवर बर्फ धरला. "दिसले का? एका रेषेत आहेत बघ," हा प्रत्येकाला विचारायचा. मला काही दिसलं नाही, पण दिसले म्हणालो, कारण पाय बधिर झाले होते. माझी गाडी बर्फात रुतली तेव्हा फावडं घेऊन हाच आला. बर्फ उपसता उपसता त्याने मला त्याच वर्षी उत्तरेच्या उपसागरात गोठून अडकलेल्या एका जहाजाची हकिगत सांगितली. कप्तानाचं पुढे काय झालं, असं मी विचारलं. "ते पुढच्या वर्षात येतं," तो म्हणाला आणि फावडं खांद्यावर टाकून निघून गेला. तो कप्तान जगला की मेला हे मला आजतागायत कळलेलं नाही.

आता माझा धंदा भाव करण्याचा. अकोल्याच्या भाजीबाजारात आईच्या पदराला धरून मी हे शिकलो. इथे इंजिनिअर म्हणून आलो, दुसऱ्याची चाकरी जमली नाही, म्हणून दुकान टाकलं. साहेब असो की डीलर, पहिला आकडा मी कधी बोलत नाही, आणि गाडीच्या शोरूममधून निदान एकदा तरी रागावून बाहेर पडल्याशिवाय गाडी घेत नाही. व्हॅन घ्यायला गेलो तेव्हा मी चूक केली, याला सोबत नेलं. मी टेबलावर हात आपटला, आवाज चढवला, कोट घातला, दारापर्यंत गेलो. सेल्समन उठून मागे येणार, एवढ्यात आमचे हे महाशय प्रामाणिक चिंतेने म्हणाले, तेही इंग्रजीत, "पण तुला हीच हवी होती ना? वहिनींना रंगही आवडलाय." सेल्समन पुन्हा खाली बसला. एवढ्यावर थांबला असता तरी मी सावरलं असतं. पण सेल्समनने सहज काही विचारलं, आणि हा त्याला फ्रान्सच्या राजाचा खून कसा झाला ते सांगायला लागला. अरुंद गल्ली, समोर एक दारूची गाडी, एक गवताची गाडी, राजाची बग्गी अडकली, आणि खुनी चाकावर पाय देऊन वर चढला. "ट्रॅफिकने मेला," हा म्हणाला. सेल्समन इतका खूश झाला की त्याने याला कॉफी आणून दिली. मला दिली नाही. व्हॅन मी त्याच भावात घेतली. घरी येताना सबंध रस्ता मी याला शिव्या घालत होतो आणि हा खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "शेठ, गाडी छान आहे रे."

मग ते वाईट दिवस आले. दोन हजार दोनचा उन्हाळा. ज्यांनी तेव्हा इथे दिवस काढले त्यांना सांगायला नको. दर आठवड्याला कुणाची तरी नोकरी जायची. माझ्या दुकानाच्या दारावर पूर्वी गाण्याच्या कार्यक्रमाचे कागद लागायचे, तिथे आता मूव्हिंग सेलचे लागायला लागले. सोफा, प्रेशर कुकर, मुलाची सायकल, सगळं एकाच कागदावर. पार्किंग लॉटमधल्या जागा एकेक करून रिकाम्या होत गेल्या. निघणारे लोक शेवटचं म्हणून माझ्याकडे येऊन चहा पावडरचा एखादा पुडा घ्यायचे, आणि जिथे ती पिकते त्याच देशात घेऊन जायचे. याचंही प्रोजेक्ट गेलं. कुठे गेलं? पुण्याला. काम पुण्याला गेलं आणि पुण्याचा माणूस इथे राहिला. नवी कंपनी मिळाली नाही तर व्हिसा संपला, देश सोडायचा. सरळ हिशोब होता.

त्याची बायको दुकानात आली. कोथिंबिरीची जुडी उगाच उलटसुलट करत राहिली. तिला डिपेंडंट व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, म्हणून तिने इथे एक कोर्स लावला होता आणि तो अर्ध्यावर होता. मुलगी बालवाडीत जाणार होती.

"भाऊजी, तुम्ही सांगा त्यांना. माझं ऐकत नाहीत."

"करतोय काय तो दिवसभर?"

"लायब्ररी," ती म्हणाली. "त्यांचं बरं आहे. सोळाशे दहामध्ये व्हिसा लागत नव्हता."

ती हसली आणि लगेच तिचे डोळे भरून आले. मी कोथिंबीर तिच्या पिशवीत टाकली आणि म्हणालो, "वहिनी, माझ्यावर सोडा."

न्यू जर्सीत नागपूरचा एक कन्सल्टिंगवाला माझ्या ओळखीचा होता. त्याच्याकडे एक जागा होती, तीही मिनियापोलिसमध्येच, घर सोडायला नको. फक्त क्लायंटला सात वर्षांचा अनुभव हवा होता आणि आमच्या माणसाचा होता चार. "काही प्रॉब्लेम नाही," कन्सल्टिंगवाला म्हणाला. "रेझ्युमेत आम्ही तीन वर्षं वाढवतो. सगळेच वाढवतात यार." आणि खरंच सगळे वाढवत होते. माझ्या दुकानात डाळ घेणाऱ्यांपैकी निम्म्यांचा रेझ्युमेतला अनुभव खरा धरला असता तर ते शाळेत असल्यापासून कोडिंग करत असायला हवे होते. कुणाचं काही वाईट झालं नाही. कामं नीट झाली, घरं झाली, ग्रीन कार्डं झाली.

मी याला मागच्या खोलीत तांदळाच्या पोत्यावर बसवलं आणि सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं.

"कुठली तीन वर्षं?" त्याने विचारलं.

"कुठली म्हणजे? आधीची. पंचाण्णव ते अठ्ठ्याण्णव."

"शहाण्णवपर्यंत मी कॉलेजात होतो."

"हे तुला माहीत आहे. त्यांना माहीत नाही!"

"मलाच माहीत आहे ना, शेठ," तो म्हणाला. "त्या वर्षांत मी तिथे नव्हतो."

मी ओरडलो. पोत्यावर लाथ मारली. चारशे वर्षांपूर्वीचा राजा कुठल्या गाडीमागे अडकला ते घोकत बसतोस आणि स्वतःची बायको-मुलगी कुठे अडकली आहे ते दिसत नाही, असंही बोललो. तो खाली बघत राहिला. त्याला राग येत नसे, हीच त्याच्याशी भांडण्यातली मोठी अडचण होती.

पण मी भाव सोडणारा माणूस नव्हे. न्यू जर्सीला पुन्हा फोन लावला. क्लायंटला जरा कमी अनुभवाचाही चालेल का बघ, म्हणालो. घासाघीस करून तिनाचे दोन केले. याने नाही म्हणून मान हलवली. दोनाचं एक केलं. याने मान हलवली. दरम्यान त्यांच्या घरातलं सामान कमी होत गेलं. सोफा गेला, टीव्ही गेला, आणि वहिनींनी माझ्याशी त्या विषयावर बोलणं सोडलं.

विमानतळावर सोडायला मीच गेलो, त्याच व्हॅनमधून. मागे वहिनी आणि मुलगी, माझ्या शेजारी हा, आणि बाकी सगळ्या बॅगा. हायवेला लागल्यावर मी पुन्हा न्यू जर्सीला फोन लावला. जागा अजून होती. मी बोललो, चिडलो, गोड बोललो, आणि फोन ठेवून स्टिअरिंगवर हात आपटला.

"सहा महिने! ऐक, फक्त सहा महिने दाखवायचेत. ती दोन नोकऱ्यांच्या मधली फट आहे ना तुझी, तेवढी बुजवायची. बाकी सगळं खरं. तिनाचे सहा महिने केलेत मी! अख्ख्या अमेरिकेत हा भाव कुणाला मिळाला नसेल. बोल, पुढच्या एक्झिटला गाडी वळवतो."

मला आरशात मागे वहिनींचा चेहरा दिसत होता. त्या त्याच्या मानेकडे बघत होत्या.

त्याने मागे वळून मुलीकडे बघितलं. एक क्षण मला वाटलं, ठरला भाव, जिंकलो.

"त्या सहा महिन्यांत मी घरी होतो," तो म्हणाला. "ही झाली होती तेव्हा. हिच्या आईला बरं नव्हतं. हिला मीच न्हाऊ घालायचो. साबण डोळ्यांत जाऊ नये म्हणून कपाळावर आडवा हात धरायचो. तुला ते रिकामे दिसतात, शेठ. त्या जागी मी एका बँकेत टेस्टिंग करत होतो असं लिहिलं, तर मग हिला कुणी न्हाऊ घातलं?"

"अरे, कागदावर!" मी ओरडलो. "नुसतं कागदावर!"

"बाबा, व्हाय इज काका यलिंग?" मागून मुलीने विचारलं.

"काकांना आपण जायला नकोय," वहिनी म्हणाल्या. मग खिडकीकडे तोंड करून, जरा वेळाने, "जाऊ द्या भाऊजी. सरळ घ्या गाडी."

एक्झिट मागे गेली. भाव करायचा तर समोरच्याकडे विकायला काहीतरी असावं लागतं. याच्याकडे नव्हतं, हे मला तिथे कळलं, आणि त्याचाच मला सर्वांत जास्त राग आला. टर्मिनलसमोर बॅगा उतरवल्या. त्याने मला मिठी मारली. मी मारली नाही, हात खिशात तसेच ठेवले. पोलिसाने गाडी काढायला सांगितलं, तेवढंच निमित्त झालं.

माझं मत बदललेलं नाही. सहा महिने म्हणजे काहीच नव्हतं. इतर राहिले त्यांची आज तलावाकाठी घरं आहेत, आणि माझ्या दुकानामागच्या त्या अपार्टमेंटमध्ये त्यानंतर कितीतरी माणसं आली नि गेली, त्यातल्या एकाशीही मला धड भांडता आलेलं नाही. तो पुण्यात आहे. इकडच्याच एका कंपनीचं काम तिकडून रात्रपाळीने करतो, आणि वहिनींनी कोर्स तिकडे पुरा केला असं ऐकतो. रविवारी सकाळी मी त्याला फोन करतो. पहिली पाच मिनिटं मी त्याला त्या नोकरीवरून बोलून घेतो आणि तो ऐकून घेतो. मग तो विचारतो, "तिकडे बर्फ पडतोय का रे?" दुसरा कुणी असता तर मी बसल्या जागेवरून काहीतरी सांगून मोकळा झालो असतो. मी उठतो, फोन कानाला तसाच धरून खिडकीशी जातो, पडदा बाजूला करतो, बाहेर नीट बघतो, आणि मगच सांगतो.