अण्णांच्या मोटारीचे घरगुती वैद्य

किस्से काही गोळा करावे लागत नाहीत. दारात एक जुनी मोटार आणून उभी करा, ते आपणहून चालत येतात. शिवाय ओट्यावर बसणारे दोन-तीन शहाणे असले की मग बघायलाच नको.

आमच्या कावेरीकाठच्या मेलकावेरी गावातल्या आळीत मोटार आली ती अण्णांकडे. अण्णा म्हणजे पितळी भांड्यांचे दुकानदार, आणि आमच्या शनिवारच्या भजनाचे मुख्य गायक. सेतुराव मृदंगावर, मी झांजांवर. मोटार विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाची, काळी, वयानं आमच्याएवढीच वाटायची. गावात मेकॅनिक होता, पण त्याच्याकडे जाणं अण्णांना कमीपणाचं वाटे. "घरचं दुखणं घरात," म्हणायचे.

अण्णांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना मात्र ती पहिल्या दिवसापासून नको होती. "विकून टाका," हे त्या जेवायला वाढताना रोज सांगायच्या. अण्णांचा जीव तर तिच्यात अडकलेला. तेव्हा ती घरात राहते की जाते, हा त्या घरातला कायमचा प्रश्न होता.

*

गाडीतली एकच गोष्ट वहिनींना पसंत होती, समोरच्या फळीवरचा तांबडा दिवा. किल्ली फिरवली की तो लागायचा. इंजिन चालू झालं की मालवायला हवा. नाही मालवला तर समजावं, डायनामो बॅटरी भरत नाही. हे आम्हांला काय ठाऊक?

एके दिवशी तो लागला तो लागलाच. वहिनी खूश. संध्याकाळी गाडी दारात आली की त्याला हात जोडू लागल्या. आम्हीही म्हटलं, शुभ आहे. पाचव्या दिवशी बॅटरी ठार झाली आणि दिवा गेला.

सेतुरावांनी बॉनेट उघडलं. डायनामोचा पट्टा सैल पडून लोंबत होता. ते म्हणाले, "वहिनी, जगात हा एकच दिवा असा, की विझला तर बरं."

"विझला म्हणू नये," वहिनी म्हणाल्या. "शांत झाला म्हणावं. आणि गाडी विकावी."

*

सेतुरावांचा कान मात्र खरा. एकदा गाडी लंगडत चालू लागली. ते ओट्यावर डोळे मिटून बसले, मांडीवर बोटं चालवली आणि म्हणाले, "चारातली एक मात्रा खाते आहे."

मग इंजिन चालू ठेवून, हाताला कोरडं फडकं गुंडाळून, एकेका प्लगची वायर काढून बघायची. काढल्यावर आवाज आणखी बिघडला, तर तो प्लग चांगला. तिसऱ्याची काढली, आवाजात काहीच फरक नाही. चोर तोच. काजळी खरवडून परत बसवला आणि गाडी सरळ झाली.

अण्णांनी सेतुरावांना मिठीच मारली. सेतुराव म्हणाले, "ते ठीक, पण लय चढते आहे." बघतो तर अण्णांचा कोट ॲक्सिलरेटरवर पडलेला!

*

रामनवमीला मरुदानल्लूरला भजनाला निघालो. वाटेत रेडिएटर उकळला. एवढं मात्र शिकलो होतो, की झाकण लगेच उघडायचं नाही, थंड होऊ द्यायचं. अर्धा तास झाडाखाली बसलो. मग पाणी हवं, तर कालवा कोरडा. गाडीत होतं ते प्रसादाचं ताक आणि प्रसादाचं पानक, म्हणजे गूळ-सुंठ-वेलदोड्याचं सरबत.

"ताक फाटेल," अण्णा म्हणाले, फार विचार करून. पानक ओतलं.

गाडी वेलदोड्याचा वास सोडत पोचली. लोक वाटेवर उभे राहून हुंगत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र फाटकापासून बॉनेटपर्यंत मुंग्यांची रांग. वहिनींनी रांगोळीचा डबा तसाच खाली ठेवला आणि निकाल दिला, "येत्या महिन्यात लेकीला तिरुक्करुगावूरला न्यायचंय. वाटेत ही बंद पडली, की विकली. आता बोलायचं नाही."

अण्णांनी त्या दिवशी ताकसुद्धा घेतलं नाही.

*

लेकीला सातवा महिना. तिरुक्करुगावूरची देवी गर्भ राखणारी, आमच्याकडची प्रत्येक गर्भारशीण तिथं नारळ ठेवून येते. अण्णांनी आठवडाभर पट्टा ताणला, प्लग खरवडले, रेडिएटर धुतला. पुढच्या अखंड सीटवर अण्णा, वहिनी आणि खिडकीशी लेक. मागे सेतुराव आणि मी, धक्का मारायला.

वाटेतलं पापनाशम गाव ओलांडलं आणि गाडीनं काळा धूर सोडला. दोन उचक्या दिल्या आणि थांबली.

अण्णांचा चेहरा बघवेना. आम्ही तिघं उतरलो, बॉनेट उघडलं. पट्टा ठीक, पाणी ठीक. सेतुरावांनी कान लावला, पण बंद इंजिनाला कसला ताल? अण्णा एकेक प्लग काढून पुसू लागले. मला फार वाईट वाटलं त्यांचं.

आणखी एक फडकं आणायला मी दाराशी आलो. फळीच्या मधोमध चोकची मूठ असते. थंड इंजिन चालू करताना ती बाहेर ओढायची आणि लगेच आत ढकलायची. बाहेर राहिली तर पेट्रोल जास्त होऊन इंजिन गुदमरतं. त्या मुठीला वहिनींनी नारळांची पिशवी खुंटीला अडकवावी तशी अडकवली होती. खड्ड्याखड्ड्याला मूठ ओढली जाऊन पार बाहेर आली होती.

वहिनी त्या मुठीकडेच बघत होत्या. मग माझ्याकडे बघितलं. पिशवी काढून मांडीवर घेतली आणि एका बोटानं मूठ आत सारली.

"प्लग पुसून झाले असतील तर लावून बघा म्हणावं," त्या म्हणाल्या.

पुसलेले प्लग बसवले. हँडलच्या दुसऱ्या फेरीला गाडी चालू झाली. अण्णा घाम पुसत आत बसले. खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नाही. खाली मान घालून म्हणाले, "बंद पडली खरी. बोलल्याप्रमाणे विकतो."

"बंद कुठं पडली?" वहिनी म्हणाल्या. "तुम्ही तिघं वारा खायला उतरलात, आम्ही थांबलो. चला आता, देवळाची दारं मिटतील."