तीन बोटं

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. उत्तमभाऊंच्या नावापुढे 'तीन' मी लिहिलं. त्यांच्या तोंडात बोटं दोनच जात होती.

कोराडी रोडवरच्या आमच्या वर्कशॉपात उत्तमभाऊ फिटर होते, मी हजेरी बघायचो. दोन बोटं तोंडात घालून ते अशी शिट्टी मारत की मशीनच्या गोंगाटातही वरचा क्रेनवाला थांबे. प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटता घोटता सगळ्यांची विचारपूस चाले. "घे गा, आधी खर्रा, मंग दुःख," म्हणत पहिली चिमूट माझ्या तळहातावर. मला मुलगी झाली तेव्हा वर्कशॉपभर पेढे त्यांनीच वाटले.

पुढे पुढे शिट्टीत नुसती हवा येऊ लागली. जेवताना ते ठेचा माझ्याकडे सरकवत. "तोंड जळून राहिलं बाप्पा. तू खा, मी पाह्यतो." भाकरीचा घास चपटा करून दातांच्या फटीतून आत ढकलत. आम्हाला वाटे, वय झालं.

मग तोंडाच्या तपासणीचं शिबिर आलं. डॉक्टर एकच, म्हणून आधीची चाळणी माझ्याकडे. प्रत्येकानं आपली तीन बोटं उभी तोंडात घालायची; ज्याची जाणार नाहीत त्याला आत पाठवायचं. उत्तमभाऊंचं तिसरं बोट ओठावरच अडलं.

"तीन लिही गा."

"भाऊ, दोनच जाऊन राहिले."

"दोन लिहिशीन तं रामदासपेठेतल्या दवाखान्यात नेतीन, खर्रा सोडवतीन. मंग रिकाम्या तोंडानं जगून करू काय?"

रांग हसली. मीही हसलो आणि तीन लिहिलं. पण खरं कारण वेगळं होतं. त्यांच्याच पन्नीतला खर्रा मी खात होतो, आणि माझी बोटं मी घालूनच पाहिली नव्हती. त्यांना आत पाठवलं असतं, तर मलाही जावं लागलं असतं.

दीड वर्षानं त्यांना रामदासपेठेत न्यावंच लागलं. गालाचा कॅन्सर. अर्धा जबडा काढला. भेटायला गेलो तर त्यांनी पाटीवर लिहिलं, 'तुहे किती?' मी त्यांच्यासमोर बोटं घातली. तीन गेली, जेमतेम. त्यांनी समाधानानं डोळे मिटले. खर्रा मी त्या दिवशी सोडला. भाऊ दिवाळीच्या आत गेले.

भाऊंच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यांच्या पत्नी शकुंतलावहिनींनी चहा देताना मला विचारलं, "भाऊ, त्या शिबिरात ह्यायचं तोंड कोनालेच काहून नाही दिसलं?"

"गर्दी होती, वहिनी," मी म्हणालो.

वहिनींना खरं उत्तर देणं माझ्याकडे बाकी आहे. अजून दिलेलं नाही.