अण्णांनी वाचलेला माफीनामा

चुकीची दुरुस्ती बातम्यांच्याही आधी वाचणारा माणूस मी एकच पाहिला : आमचे केबलवाले अण्णा. माधवनगरात एका बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये त्यांचा स्टुडिओ होता. रोज संध्याकाळी ते डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवत, काल काय चुकलं ते सांगत आणि टोपी घालून मग बातम्या सुरू करत. एकदा त्यांनी एका हयात पैलवानाला ‘कैलासवासी’ म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्याला शेजारी बसवूनच दुरुस्ती वाचली. पैलवान म्हणाला, “माफी ऱ्हाऊ द्या अण्णा, तेराव्याचं जेवान तरी घाला!”

लोक केबल सोडून मोबाइलकडे वळले, तसं अण्णांनी चॅनेल इंटरनेटवर नेलं. पुढे डिजिटल बातम्यांसाठी सरकारचे नियम आले. तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, त्याचं नाव जाहीर करायचं, पंधरा दिवसांत निर्णय द्यायचा. आमच्याकडच्या बहुतेक चॅनेलवाल्यांनी ते वाचलेही नाहीत. अण्णा मात्र तांबड्या पेनाने खुणा केलेले कागद घेऊन माझ्याकडे, एका निवृत्त शिक्षकाकडे आले.

“दिल्ली कुठं बघतीय तुमचं चॅनेल?” मी हसलो.

“न बघंना का. नियम हाय न्हवं? मास्तर, तुमी पंच. तुमी आऊट म्हणला की आमी तंबूत. बॅट आपटायची न्हाई.”

मी अधिकारी झालो. पहिल्या दोन तक्रारी किरकोळ होत्या. तिसरी एका गूळ कारखान्याची होती. कारखान्याचं घाण पाणी ओढ्यात सोडल्याची बातमी अण्णांनी दाखवली होती. कारखान्याचं म्हणणं, चित्रण जुनं आहे आणि ओढाही दुसराच आहे.

त्या कारखान्यात माझा जावई नोकरीला होता. घाण पाण्याची टाकी फुटल्यावर ते ओढ्यात सोडल्याचं त्यानेच मला जेवताना सांगितलं होतं. तरीही चौदाव्या दिवशी मी लिहिलं : तक्रार योग्य आहे, बातमी काढावी, माफी मागावी.

अण्णांनी कागद दोनदा वाचला. “मास्तर, नीट बघितलंसा?”

“बघितलं.”

“मग झालं.”

त्या संध्याकाळी टोपी काढून त्यांनी माफीनामा वाचला.

अण्णा विकले गेले, असं गाव म्हणू लागलं. चहाच्या गाड्यावर कुणीतरी विचारलं, “काय अण्णा, लिफाफा लय जाड हुता का?” मी शेजारीच होतो. मान खाली घालून चहा पीत राहिलो. परतताना मी म्हणालो, “निर्णय माझा होता, असं सांगायचं होतंत.” ते म्हणाले, “चॅनेल माझं. तुमचं नाव पुढं करून मी मागं लपू व्हय?”

बघणारे गेले, वर्षभरात चॅनेल बंद पडलं. गेल्या हिवाळ्यात अण्णाही गेले.

महिन्याभराने मी त्यांच्या घरी गेलो. अण्णांच्या पत्नी, काकू, मेथी निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत.

“त्यास्नी ठावं हुतं मास्तर. ओढ्याचं पाणी त्यांनी सोता बाटलीत भरून आणलं हुतं. तुमी कवातरी येऊन बोलशीला म्हणून वाट बघत हुते.”

मी हात जोडले.

“मला कशाला हात जोडतासा?” काकू म्हणाल्या. “मला तर ठावं हुतंच. गावाला सांगा.”

म्हणून हे लिहिलं. बातमी खरी होती. खोटं मी लिहिलं होतं.