श्यामरावांची न सरणारी पंगत

श्यामराव म्हणजे कोण हे कळायचं, तर माणसानं त्यांना पंगतीत बघायला हवं होतं. सातवी शिकलेले, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरीला. पण कोरेगाव तालुक्यातल्या त्यांच्या गावात भंडारा असो की लग्न, वाढप्यांचे सेनापती हेच. उपरणं कमरेला बांधून उभे राहायचे आणि आवाज टाकायचे, "ए, तिसऱ्या ओळीत पान कोरडं दिसतंय! आमटी पळव!" अख्खं गाव पानावर बसलेलं, पोटात कावळे ओरडतायत, समोर बुंदीचा लाडू, पण श्यामरावांनी "होऊ द्या" म्हटल्याशिवाय एकाचं बोट अन्नाला लागायचं नाही. एकदा पाहुणे आलेल्या आमदारांनी हळूच भजं उचललं, तर यांनी मनगट धरलं. "साहेब, अजून भात यायचाय." आमदारांनी भजं खाली ठेवलं!

आता हाच माणूस, वयाची पासष्टी उलटलेला, दोन हजार सातच्या एका रविवारी न्यूझीलंडात, ऑकलंडच्या न्यू लिन भागातल्या चार-पाच टेबलांच्या चिमुकल्या हॉटेलात खुर्चीवर चुळबुळत बसला होता. शेजारी मुलगा विवेक, तो इथं कॉम्प्युटरवाल्यांत; त्याच्याकडेच श्यामराव राहायला आले होते. त्याच्या पलीकडे सून वल्लरी, औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. मग नात श्रिया, मराठी सगळं समजणारी आणि उत्तर मात्र इंग्रजीत देणारी. आणि समोर, ओळखीच्या म्हणून जेवायला बोलावलेल्या सरलाबाई.

सरलाबाई पुण्याच्या इस्पितळातल्या निवृत्त मेट्रन. ऑकलंडच्याच दुसऱ्या टोकाला, अल्बनीला डॉक्टर लेकीकडे राहत होत्या. इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या जेवणात श्यामराव आग्रहानं आमटी वाढत निघाले, तेव्हा सगळ्या हॉलमध्ये या एकट्या बाईनं ताटावर हात आडवा धरला. "पोट माझं आहे, तुमच्या डावाचं नाही," म्हणाल्या. श्यामराव तिथंच गार! आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्यांना अडवलं होतं, आणि गंमत म्हणजे त्यांना ते आवडलं. मग फोन झाले, बसने येणं-जाणं झालं, बागेतल्या बाकावर शेंगा झाल्या. त्यांची बायको जाऊन आठ वर्षं झाली होती, सरलाबाईंचे यजमान जाऊन त्याहून जास्त. दोघांचं मनात ठरलं. विवेकला सांगायचं तेवढं राहिलं.

आणि आता घाई होती. सरलाबाईंच्या लेकीला पार दक्षिणेच्या टोकाला, डुनेडिनला नोकरी लागली होती. आईसुद्धा सामानाबरोबर येणार की नाही, हे आज संध्याकाळी सांगायचं होतं. "तुम्ही आज बोललात तर राहीन," सरलाबाईंनी फोनवर बजावलं होतं, "नाहीतर मी ट्रकबरोबर निघाले."

श्यामरावांनी बेत पक्का केला होता. गावात महत्त्वाची गोष्ट पंगतीत सांगतात, तीसुद्धा पानं पूर्ण वाढून झाल्यावर. का? भरल्या पानावरून माणूस उठत नाही! सोयरीक असो, भाऊबंदकीचा तोडगा असो, ऐकून घ्यावंच लागतं. विवेकलाही असंच भरल्या ताटाशी गाठायचं. तो उठून निघून गेला, तर काय करायचं, याच धास्तीनं त्यांना रात्रभर झोप नव्हती.

पण इथं ताट भरेचना!

हॉटेलची मालकीण पॅम "किया ओरा" असा माओरी नमस्कार करत आली आणि बशीभर ऑलिव्ह ठेवून गेली. मग तिखट सॉसमधले बटाटे. मग नुसतंच थांबणं. मग लसणातल्या मशरूम.

"बाबा, खा ना. गार होतंय," विवेक म्हणाला.

"येऊ दे सगळं."

"बाबा, तापस आहे हे. थोडं थोडं येतं, जसं होईल तसं."

"म्हणजे आचाऱ्याची तयारी नाही!"

वल्लरी हसली. श्रियानं बटाटा उचलला. आजोबांचा हात सवयीनं पुढं गेला आणि मध्येच मागं आला. त्यांनी रुमालाची घडी घातली, मोडली, परत घातली. बूट आतल्या आत चावत होते. चणे-पालक आले. भाजलेल्या मिरच्या आल्या. शिंपले आले. प्रत्येक बशीला त्यांना वाटायचं, आता झालं, आता बोलू. तोंड उघडायचे, तेवढ्यात पॅम आणखी एक घेऊन हजर! आणि एकीकडे आधीच्या बश्या रिकाम्या होत होत्या. असली कसली ही पंगत, एकीकडून भरते आणि दुसरीकडून सरते!

शेवटी न राहवून त्यांनी पॅमला गाठलं. "मॅडम, ऑल फिनिश? नो मोर?"

पॅम हसत काहीतरी बोलली. वल्लरीनं सांगितलं, "बाबा, ती म्हणते, तुम्ही पुरे म्हणेपर्यंत येतच राहणार."

श्यामरावांनी रुमाल हातात घट्ट धरला. म्हणजे इथं "होऊ द्या" म्हणणारा कुणी नाहीच?

"श्यामराव," सरलाबाई काटा खाली ठेवत म्हणाल्या, "तुमची पंगत वाढून होईतो मी डुनेडिनला पोचेन."

"डुनेडिन?" विवेकनं मान वर केली. "कोण चाललंय डुनेडिनला?"

आता मात्र श्यामराव उठले. हातातला रुमाल नकळत कमरेला खोचला गेला, आणि गावातला आवाज बाहेर पडला.

"विवेक, ऐक. सरलाबाईंनी जाऊ नये असं मला वाटतं. आम्ही दोघं लग्न करायचं म्हणतोय. झालं, सांगितलं. आता तू काय ते बोल."

शेजारच्या टेबलावरचे काटे थांबले. त्यांना भाषा कळली नव्हती, पण काहीतरी मोठं वाढलं गेलंय हे कळलं होतं. श्रिया म्हणाली, "आजोबा, सीरियसली?"

 विवेकनं खुर्ची मागं सरकवली आणि उठला.

 उठला! ज्याची भीती होती तेच! पाठमोरा विवेक काउंटरकडे चालत गेला. सरलाबाईंनी पर्स मांडीवर ओढली. त्यांची बोटं चेनशी खेळत राहिली, पण चेन उघडली नाही.

विवेक परत आला तेव्हा त्याच्या हातात एक कोरी बशी होती आणि मिठाची वाटी.

गावाकडच्या पंगतीत पहिलं मीठ. ते पानाच्या माथ्यावर वाढायचं काम लहान पोरांचं. बापाच्या पुढं पुढं वाटी घेऊन धावणारा सहा वर्षांचा विवेक, चिमूट जास्त झाली की डोक्यात टपली खाणारा, तो श्यामरावांना या चष्मेवाल्या माणसात एकदम दिसला.

विवेकनं बशी सरलाबाईंपुढं ठेवली आणि तिच्या माथ्यावर मिठाची चिमूट टाकली. 

"काकू, मला सवय व्हायला वेळ लागेल," तो म्हणाला. "आईची आठवण येणार. पण पान मांडलंय तुमचं. उठू नका."

सरलाबाईंचे डोळे भरले, तरी मेट्रन ती मेट्रनच. "मला बीपी आहे बाळा," त्या म्हणाल्या, "निम्मं काढ यातलं."

"बाबा," वल्लरी म्हणाली, "आता तरी म्हणा."

श्यामरावांनी टेबलावर नजर फिरवली. तीन बश्या रिकाम्या, तीन अर्ध्या, आणि पॅम आणखी एक घेऊन येतच होती. अख्ख्या आयुष्यात इतक्या कोरड्या पानांवर त्यांनी कधी म्हटलं नव्हतं.

"होऊ द्या," ते म्हणाले, आणि खाली बसून पहिला गारढोण बटाटा तोंडात टाकला.