एकाच मुळाचे दोन शब्द

लग्न होऊन मी तिरुवैयारूहून तंजावरला, राजवाड्यामागच्या गल्लीत आले, तेव्हा घरात आम्ही तिघंच होतो. हे, मी आणि माझी विधवा नणंद. हे शाळेत इंग्रजी शिकवत. बहिणीला परीक्षेला बसवून शिक्षिका करायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. घरी आले की कोट काढायच्या आधी तिला हाक. मग दिवेलागणीपर्यंत दोघांचे शब्द, स्पेलिंग, चुका, हसणं. मी आत चुलीपाशी. माझ्याशी बोलणं रसममध्ये मीठ कमी की जास्त, एवढंच.

तिला मी कधी टाकून बोलले नाही. पण ह्यांनी तिला शाब्बासकी दिली की मी आतल्या आत जळायचे. माझे वडील गाणं शिकवत. शिकवणाऱ्याची शिष्यावर कशी नजर असते, ते मी लहानपणापासून पाहत आले होते. तशी नजर माझ्याकडे एकदाही वळली नव्हती.

एका दुपारी नणंदेनं मला तिच्या पुस्तकातली एका राणीची गोष्ट सांगितली. ती राणी 'जेलस' होती. म्हणजे काय, मी विचारलं. दुसऱ्याचं पाहून जळणारी, ती म्हणाली. इंग्रजीतला तेवढा एक शब्द माझ्या डोक्यात पक्का बसला.

पुढे एकदा ह्यांचे हेडमास्तर घरी आले. ते तमिळ गृहस्थ, पण बोलणं सगळं इंग्रजीत. मी कॉफी घेऊन दाराशी गेले आणि नेमका तोच शब्द कानावर आला. हेडमास्तर हसत होते, हेही हसत होते. कॉफी ठेवून मी तशीच आत आले. परक्या माणसालाही माझ्या तोंडावरून कळलं, असं वाटलं.

ते गेल्यावर मला राहवलं नाही. "त्यांनी मला जेलस का म्हटलं?"

हे गोंधळले. मग उलगडा झाला. म्हणाले, "तुला नाही, मला म्हणाले. आणि जेलस नव्हे, झेलस, म्हणजे ध्यास घेतलेला. मी हिला झपाटल्यासारखा शिकवतो, म्हणून."

मग मला समोर बसवून त्यांनी समजावलं. मूळ शब्द ग्रीकांचा, अंतःकरणातल्या तीव्र ओढीचा. त्यावरूनच झेलस आला, आणि जुन्या काळी यहुद्यांतल्या एका कडव्या पंथाला नावही पडलं. तोच मूळ शब्द फ्रेंचांच्या तोंडून फिरून इंग्रजीत आला, तो जेलस झाला. मला निम्मंच कळलं. पण ते माझ्याकडे पाहून बोलत होते.

नणंद इतका वेळ खाली मान घालून बसली होती. ती म्हणाली, "अण्णा, उद्यापासून वैनीलाही बसव."

त्यांनी बसवलं. मी अक्षरं गिरवायची, ती पलीकडे निबंध लिहायची. माझी चूक ते शांतपणे सुधारत. तिची चूक झाली की चिडत, वाद घालत. माझ्यावर कधी चिडले नाहीत, ह्याचंही मला वाईट वाटायचं.

ती पास झाली आणि मद्रासला शिकायला गेली. तिला स्टेशनवर सोडून आल्यावर हे जेवले नाहीत. पहिल्या सुट्टीत ती परत आली, तेव्हा दोघं पुन्हा पुस्तक उघडून बसली. मी चुलीवरचं भांडं उतरवलं, हात पुसले आणि जाऊन दोघांच्या मधे बसले. नणंदेनं पुस्तक माझ्याकडे सरकवलं.