तीन सेकंदांची यादी

मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. यादीशिवाय मला काही सुचत नाही. दहा मीटर एअर पिस्तुलाच्या नेमबाजीसाठीही माझी नऊ ओळींची यादी होती, पिस्तुलाच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेली: पाय, कंबर, खांदा, मनगट, श्वास वगैरे. एखादी ओळ चुकली तर हात खाली घ्यायचा आणि पहिलीपासून सुरू करायचं. वेळ भरपूर असे. या यादीवर मला दोन पदकं मिळाली.

मग आमच्या क्लबला पंचवीस मीटरच्या संघासाठी तिसरी बाई हवी झाली. मी चाचणीत किमान गुण काढले नाहीत, तर उरलेल्या दोघींनाही राज्य स्पर्धेला जाता येणार नव्हतं. त्यातली उस्मानपुऱ्याची कॉलेजातली मुलगी रोज आठवण द्यायची, "काकू, माझी बॅग भरून तयार हाय."

या प्रकारात निशाण तीन सेकंद समोर वळतं, मग सात सेकंद पाठ फिरवतं. असं पाच वेळा, दर वेळी एकच गोळी. पहिल्या सरावात माझी एकही गोळी सुटली नाही.

आमचे उस्ताद पोलिसातून निवृत्त झालेले. त्यांनी विचारलं, "ताई, नेम धरायला आलात का हजेरी घ्यायला?"

"मी मनगटापर्यंत पोचले होते."

"निशाण घरी पोचलं, चहा पिऊन झोपलं."

त्यांनी माझ्याच पेनानं यादीत सहाव्या ओळीखाली रेघ मारली. रेघेवरच्या सहा ओळी सात सेकंदांत, हात खाली असताना. तीन सेकंदांत फक्त तीन: हात उचल, पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट, बघ, दाब.

"आणि माशी हलत असली तर?"

"हलू द्या. हात खाली घ्यायचा नाय."

हे जड गेलं. शंका असलेला माल मी आजवर गेटबाहेर सोडलेला नाही.

चाचणीच्या शेवटच्या फेरीत पहिल्या तीन गोळ्या चांगल्या बसल्या. चौथ्या वेळी कोपर खटकलं आणि सवयीनं हात खाली आला. शून्य. पाचव्यासाठी निशाण वळलं तेव्हा माशी चांगलीच हलत होती. कोपर तसंच होतं. मी दाबलं.

आठ गुण. एकूण बेरीज किमान गुणांपेक्षा दोनने जास्त भरली. मागून बॅगवालीची शिट्टी ऐकू आली.

उस्ताद म्हणाले, "सरावाच्या वहीत लिहा ताई."

मी लिहिलं: पाचवी गोळी. हलती. तपासणी अपूर्ण. पाठवली.